नळासाठी इंग्रजी

आमच्या इंग्रजीच्या सरांचं ठाम मत होतं की परकी भाषा शिकायची तर मुलाच्या मनात ज्ञानाची भूक असावी लागते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला अख्खा तास ते या भुकेवर बोलायचे. टेरिलीनच्या शर्टाच्या खिशाला हात लावून म्हणायचे, "इंग्रजी ही जगाची किल्ली आहे." किल्ली त्या खिशातच असावी असं आम्हाला वाटायचं, पण पुढे वर्षभर त्यांनी ती काही काढून दाखवली नाही. तास मधल्या सुट्टीच्या आधीचा असल्यामुळे भूक मात्र सगळ्यांना असायची. ती कसली याची चौकशी सरांनी कधी केली नाही, ते बरंच झालं.

आमच्या वर्गात इंग्रजी येणारे मोजकेच होते आणि त्यातल्या एकालाही ज्ञानाची भूक नव्हती. मागच्या बाकावरच्या एकाला रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री समजून घ्यायची होती. त्याचं इंग्रजी फक्त मैदानावर चालायचं. सरांनी "वही कुठे आहे" असं इंग्रजीत विचारलं की तो "ऑफ स्टंपच्या बाहेर" असं इंग्रजीतच सांगायचा. दुसरा एक विणकरांचा मुलगा. घरी तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी बोलणारा. त्यांच्याकडच्या चादरी आणि टॉवेल परदेशी जायचे आणि त्यांवर लेबलं शिवायचं काम त्याच्याकडे होतं. लेबल उलटं शिवलं की बापाचा मार बसायचा. इंग्रजी अक्षराचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे त्याच्याइतकं पक्कं आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. मुलींच्या बाकावर एकीला टॉकीजबाहेरची इंग्रजी सिनेमांची पोस्टरं वाचायची होती. तिनं नक्की काय वाचलं ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण वाचून झाल्यावर ती दोन दिवस लाल असायची.

मला यातलं काहीच नको होतं. माझं इंग्रजी पस्तीस मार्कांच्या पायरीवर टेकून बसलं होतं. वर चढायची त्याला घाई नव्हती आणि खाली ढकलायला सरांचं मन होत नव्हतं. नववीच्या दिवाळीपर्यंत आमचं तिघांचं असं सुखात चाललं होतं.

दिवाळी झाली आणि मंद्रूपहून तात्या आले. तात्या म्हणजे आण्णांचे, माझ्या वडलांचे, थोरले चुलतभाऊ. गावाकडची शेती तेच बघायचे. आण्णा गिरणीत जॉबर होते, आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत दोन खोल्यांत राहायचो, आणि माणसाला शहरात राहून काही कळेनासं होतं असा तात्यांचा समज असल्यामुळे आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय मंद्रूपहून यायचे. या वेळी त्यांनी अक्कासाठी स्थळ आणलं होतं.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती सातवीत असताना आई बाळंतपणात आजारी पडली. बाळ राहिलं नाही, आईची कंबर कायमची गेली, आणि अक्का शाळेतून निघाली ती परत गेली नाही. तेव्हापासून स्वयंपाक तिचा, पाणी तिचं आणि मीही तिचीच. आधी दोन स्थळं येऊन गेली होती. एक रंगावर अडलं, दुसरं पत्रिकेवर. दोन्ही वेळा आईनं देवीला नारळ बोलला होता आणि तो न फोडल्याबद्दल देवीची माफी मागितली होती.

"पोरगा रेल्वेत हाय," तात्या म्हणाले. "मालधक्क्यावर क्लार्क. एकलाच ऱ्हातो. क्वार्टर हाय त्याला."

"क्वार्टर म्हंजे कसं?" आईनं विचारलं.

"दोन खोल्या. आन् घरात नळ."

चुलीपुढे बसलेल्या अक्काचा हात भाकरीवर थांबला. मी बघितलं, कारण ती भाकरी माझी होती.

ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना हे सांगून कळायचं नाही. आमचा नळ गल्लीच्या तोंडाशी होता आणि पाण्याला वेळ नव्हती. कधी पहाटे यायचं, कधी दुपारी, कधी नुसताच फुस्स आवाज करून लोकांना उठवायचं. घागरींची रांग कायम लागलेली असायची. कुणाची घागर कुणाच्या पुढं सरकली यावरून तिथं जी भांडणं व्हायची ती पिढ्यान्पिढ्या चालतील अशा तयारीनं व्हायची. अक्का बारा वर्षांची असल्यापासून त्या रांगेत उभी होती. घरात नळ, म्हणजे भिंतीतून येणारा, आपला, ज्याला नंबर नाही असा. तिनं भाकरी उलटली, पण कान तात्यांकडेच होते.

"एकच भानगड हाय," तात्या म्हणाले. "पोराचा मामा. त्याच्या शब्दाभायेर कुनी न्हाय. आन् मामाला पोरगी इंग्रजी वाचनारी पायजे."

"कशाला?" आण्णा म्हणाले.

"म्हनतोय, पोरगं रेल्वेत हाय. उद्या सायबाची बायकू घरी आली, तर काय मुक्यानं बसायचं?"

साहेबाची बायको मालधक्क्यावरच्या क्लार्कच्या घरी कशाला येईल, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही. मामाची कीर्ती आमच्या पेठेत आधीच पोचली होती. मागच्या गल्लीत तो एक मुलगी बघायला आला होता. चहा झाल्यावर त्यानं खिशातून घडी घातलेला इंग्रजी पेपर काढला आणि मुलीपुढे धरला. मुलगी चांगली आठवी शिकलेली, पण पेपर बघून तिला रडूच फुटलं. मामा "कळवतो" म्हणून गेला. कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

"हिचं तर सातवीच झालंय," आई म्हणाली. "तेबी कधीच इसरली असंल."

"संक्रांत झाल्याबिगर त्ये येत न्हाईत," तात्या म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ही शिकतीया की. हिलाच सांगा शिकवायला."

माझं प्रगतिपुस्तक तात्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आण्णांनी पाहिलं होतं, त्यामुळे ते गप्प बसले.

घरातली शाळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. अक्का काटवटीपुढे, मी पिठाच्या डब्याला टेकून, मांडीवर नववीचं पुस्तक. अक्षरं तिला येत होती, छोटे शब्दही लागत होते. मी वाचायची आणि ती भाकरी थापता थापता मागे म्हणायची. थापेच्या ठेक्यावर वाक्य बसलं नाही तर ती मला परत वाचायला लावायची. शब्द लिहून बघायचा असला की काटवटीतल्या पिठात बोटानं लिहायची आणि त्यावरच पुढचा उंडा थापायची. त्या दोन महिन्यांत किती स्पेलिंगं आमच्या पोटात गेली त्याचा हिशेब नाही. पचली मात्र फक्त तिला.

पहिलाच धडा एका इंग्रज कुटुंबाचा होता. रविवारी ते सगळे समुद्रावर सहलीला जातात. मी वाचून सरळ अर्थ सांगितला.

"समुद्राचं पानी पिता येतं?" अक्कानं विचारलं.

"नाही. खारट असतं."

"मग कशाला जात्यात?"

"बघायला."

"पानी बघायला?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बरं. फुडं वाच."

पुढे त्या कुटुंबातली आई सँडविच घेऊन निघते. सँडविच म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, एक प्रकारची भाकरी. अक्कानं माझ्याकडे बघितलं.

"तुजी मान खाली गेली. तुला येत न्हाय."

"अगं, भाकरीच असते."

तिनं माझ्या ताटातली शेंगाची चटणी उचलून फळीवर ठेवली. "उद्या इचारून ये. मग खा."

हा कायदा तिनं त्या दिवशी केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. अर्थ नसेल तर चटणी नाही. नुसती कडक भाकरी आणि पाणी. सोलापुरात वाढलेल्या पोरीला याहून मोठी शिक्षा कुठल्या कायद्यात असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीच्या तासाला हात वर केला. सरांना वाटलं मला बाहेर जायचंय. त्यांनी मानेनंच परवानगी दिली.

"नाही सर. सँडविच म्हणजे काय?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. सरांनी खडू खाली ठेवला. पावाच्या दोन तुकड्यांत काकडी घालतात असं त्यांनी सांगितलं आणि फळ्यावर चित्रही काढलं. ते चित्र आमच्या गल्लीतल्या सायकलच्या दुकानासारखं दिसत होतं.

"सर, त्यानं पोट भरतं का?"

हे अक्कानं मुद्दाम विचारायला सांगितलं होतं. वर्ग हसला. सर नाही हसले. उलट त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मलाच लाज वाटली. "बघा," ते वर्गाला म्हणाले, "याला म्हणतात जिज्ञासा."

त्या दिवसापासून माझा हात रोज वर. कारण अक्काचे प्रश्न रोज होते आणि त्यांतला एकही पुस्तकाखालच्या प्रश्नांत सापडत नव्हता. हे लोक घरातल्या घरात एकमेकांना थँक्यू म्हणतात, मग भांडतात कसं? पोरं वाळूचा किल्ला बांधतात आणि तसाच टाकून घरी जातात, त्यांना कुणी मारत नाही का? बाप मीठ मागताना 'कृपा करून' म्हणतो, त्याची तब्येत बरी नाही का? सर प्रत्येक प्रश्नावर खुलायचे. कधी उत्तर यायचं, कधी ते खिडकीबाहेर बघत "तो त्यांच्या संस्कृतीचा भाग आहे" म्हणायचे. घरी येऊन मी तेच सांगायची.

"म्हंजे सरास्नीबी येत न्हाय," अक्का म्हणायची. पण चटणी द्यायची. तेवढी न्यायबुद्धी तिच्यात होती.

एका प्रश्नावर मात्र ती अडली. धड्यातली आई समुद्रावर पोचल्यावर छत्रीखाली बसते आणि पुस्तक वाचते. तेवढं एकच वाक्य.

"आन् भांडी?" अक्का म्हणाली.

"कसली भांडी?"

"खाल्ल्यावर भांडी पडत्याल की न्हाय? ती कोन घासतंय?"

मी सरांना विचारलं. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, कागदाच्या थाळ्या असतील. घरी येऊन अक्काला सांगितलं. भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि कडेनं करपली.

"परत वाच त्ये," ती म्हणाली. "छत्रीखाली बसल्यालं."

मी वाचलं. तिनं मागे म्हटलं. त्या दिवशी चटणीबरोबर दहीही मिळालं. कशाबद्दल ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मिळालेलं दही विचारून घालवायचं नसतं.

अक्का पुस्तक नळावरही न्यायला लागली. घागर नंबरात ठेवायची, कडेच्या दगडावर बसायची आणि ओठ हलवत वाचायची. रांगेतल्या बायकांना आधी वाटलं ती कसला तरी जप करतेय. मग कळलं तेव्हा सगळ्यांनाच थोडं थोडं हवंसं वाटायला लागलं. शेजारची विणकरांची मावशी, जिला मराठी बोलताना रागसुद्धा तेलुगूत यायचा, तिनं मला एकदा बाजूला घेतलं.

"नंबरात कोन तर घुसलं, तर इंग्रजीत काय म्हनायचं की?"

सर आम्हाला रोज म्हणायचे ते मला पाठ होतं. मी म्हणाले, "इडियट."

त्या आठवड्यात आमच्या नळावर बऱ्याच जणी इडियट ठरल्या. शिवी कळत नसल्यामुळे समोरची बाई गोंधळून मागे सरायची आणि भांडण मिटायचं. इंग्रजी ही जगाची किल्ली आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

संक्रांतीच्या आधी सरांनी चाचणी घेतली. मला एकसष्ट मार्क पडले. सरांनी पेपर हातात धरून मला वर्गापुढं उभं केलं.

"सांग यांना. तुला प्रेरणा कुठून मिळाली?"

मी म्हणाले, "घरातून, सर."

"ऐकलंत?" सर म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. मागच्या बाकावरून क्रिकेटवाला पुटपुटला, "नो बॉल."

घरात मात्र कुणाला मार्कांचं कौतुक नव्हतं, कारण तात्यांचा निरोप आला होता. संक्रांतीनंतरच्या रविवारी येतायत. आई पुन्हा देवीला नारळ बोलली. आण्णा आपण होऊन म्हणाले, "पोरीनं पेपर वाचला म्हंजे झालं. मग नळ तिचा." ते विनोदानं म्हणाले असतील, पण अक्का हसली नाही. आमचे तीन धडे पक्के झाले होते. मी तिला एक जुना इंग्रजी पेपरही मिळवून दिला होता आणि त्यावर तिनं ठळक अक्षरांतलं सगळं वाचून काढलं होतं. लहान अक्षरांत फक्त भाव होते. मामा भाव विचारायचा नाही असं आम्ही धरून चाललो.

रविवारी चौघं आले. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि त्यांना घेऊन तात्या. शेजारच्या मावशीकडून कपबश्या आणल्या होत्या. मी आतल्या दाराच्या पडद्यामागे पोह्यांच्या बश्या घेऊन उभी. मामाला बघितलं आणि मला काही कळेना. तो डोक्यावरून हनुवटीखाली पंचा बांधून आला होता. उजवा गाल पपनसाएवढा सुजलेला. डोळ्यांत पाणी.

"दाढ हाय," तात्यांनी हळूच आण्णांना सांगितलं. "परवापास्नं सुजलीया. त्वांड उघडत न्हाय."

मामानं हातानंच नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसला. पोह्यांची बशी पुढे आल्यावर त्यानं तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं तशी नजर मी पुढे फक्त स्मशानात पाहिली.

अक्का चहा घेऊन गेली, पाटावर बसली. मुलाच्या वडलांनी नेहमीचे प्रश्न विचारले. नाव काय, शिक्षण किती, भाकरी येती का, शिवण येतं का. अक्कानं उत्तरं दिली. मुलगा सतरंजीचं टोक बघत होता. बारीक, सावळा, शर्टाच्या बाहीला शाईचा डाग. मामानं दोनदा खिशाकडे हात नेला आणि दोन्ही वेळा तो हात गालावर गेला. पेपर काही बाहेर आला नाही.

"झालं मग," मुलाचे वडील म्हणाले. "जा पोरी आत."

तात्यांनी असा श्वास सोडला की पडदा हलला. आण्णांच्या चेहऱ्यावर पगाराच्या दिवसाचा भाव आला. अक्का उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि आत आली. मी तिचा दंड धरला. "सुटलीस," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "इंग्रजी कुटं इचारलं?"

"दाढ दुखतेय त्याची. बरं झालं ना."

"बरं कसं झालं?"

एवढं म्हणून तिनं पिठाच्या डब्यावरचं माझं पुस्तक उचललं आणि पडदा बाजूला केला. बघायला आलेल्यांसमोरून एकदा आत गेलेली मुलगी परत बाहेर येत नाही. असं कुठं लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरजच कधी पडली नव्हती. आईनं मागून पदर धरायला हात पुढं केला, तो पिठातच पडला.

अक्का परत पाटावर बसली. "मामा," ती म्हणाली, "माजं इंग्रजी ऱ्हायलं."

तात्यांनी हातातली बशी इतकी हळू खाली ठेवली की जणू तिच्यात बाळ होतं.

"असू दे पोरी," आण्णा म्हणाले. "त्यांस्नी बरं न्हाय."

"त्यांनी बोलायचं न्हाय, आण्णा. मी वाचनार हाय. त्यांनी नुसतं बोट ठेवावं." आणि तिनं पुस्तक मामापुढं धरलं.

मामानं एका हातानं गाल धरला आणि दुसऱ्या हातानं पुस्तक मधेच उघडून बोट ठेवलं. कुठे ते पडद्यामागून मला दिसलं. ते आमच्या तीन धड्यांपैकी नव्हतं. पुस्तकाच्या पार मागचा, वाफेच्या इंजिनाचा धडा. सरांनीही अजून तो उघडला नव्हता.

अक्कानं पान मांडीवर घेतलं. थोडा वेळ नुसतं बघितलं. मग एकेका शब्दाला हात लावत, दळण निवडावं तसं, ती वाचायला लागली. लहान शब्द सरळ गेले. मोठा आला की थांबायची, त्याचे तुकडे करायची, तुकडे जोडून पुन्हा म्हणायची. ठेका भाकरीचाच होता. तिचा उजवा तळवा नकळत पाटाच्या कडेवर पडत होता. एका लांबलचक शब्दापाशी ती अडली. दोनदा जोडला, दोनदा मोडला. रेल्वेतल्या माणसाला इंजिनाचा शब्द येणारच. मुलानं मान वर केली आणि हळूच म्हणाला, "कंडे..."

"सांगू नगा," अक्का म्हणाली. "लावतीया मी."

तिनं लावला. परिच्छेद संपला तरी ती थांबली नाही, पुढचा घेतला. चहावर साय धरली. शेवटी मामानं हात वर केला, पोलीस सात रस्त्याच्या चौकात गाड्या थांबवतो तसा. तेव्हा ती नाइलाजानं थांबली. बोट मात्र शब्दावरच ठेवलं होतं.

"तुम्हाला काही विचारायचं का?" मुलानं विचारलं. हेही रीतीत बसत नव्हतं, पण त्या दुपारी रीत केव्हाच आत जाऊन निजली होती.

"क्वार्टरात नळ हाय म्हनत्यात," अक्का म्हणाली. "पानी येतं का?"

तात्या खोकले. मुलाच्या वडलांनी मुलाकडे बघितलं. मुलगा जरा लाजला.

"नळ आहे," तो म्हणाला. "वरपर्यंत पाणी चढत नाही. खालच्या आडावरनं भरतो मी."

"तुमी भरता?"

"एकटाच आहे ना. मग कोण भरणार?"

अक्कानं पुस्तक मिटलं आणि आत गेली. मंडळी उठली. दाराशी चपला घालताना मुलाचे वडील आण्णांना म्हणाले, "कळवतो."

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. आईनं सगळा राग माझ्यावर काढला. "हिनंच डोक्यात भरवलं तिच्या. वाचाया शिकीव म्हनलं होतं, बोलाया न्हवं." आण्णा गिरणीतून आले की चहा पिऊन भिंतीकडे बघत बसायचे. तात्यांचा निरोप नाही. मागच्या गल्लीतली रडलेली मुलगी मुद्दाम आमच्या नळावर येऊन अक्काच्या शेजारी उभी राहायला लागली. म्हटलं तर सोबत, म्हटलं तर सहानुभूती, म्हटलं तर नंबर.

अक्का एकटीच बेफिकीर दिसत होती, म्हणजे मला तसं वाटलं. एकदा आई चिडून म्हणाली, "नळ बी कोरडा निघाला. मग एवढं काय अडलंय तुजं त्या स्थळावाचून?"

अक्का तवा पुसत होती. "खोटं बोलला असता तरी कुनाला कळलं असतं?" ती म्हणाली. "न्हाई बोलला." आणि तवा पुसून झाल्यावरही ती तो पुसत राहिली. तेव्हा मला कळलं की आता तिला नळ नको आहे. आता हे जास्त अवघड झालं होतं, कारण नळाला नंबर तरी लावता येतो.

संध्याकाळचे धडे मात्र बंद झाले नाहीत. मला वाटलं होतं सुटका झाली. पण पहिल्याच संध्याकाळी काटवट पुढे ओढून ती म्हणाली, "घे. इंजिनाचं."

"आता कशाला?" मी म्हणाले. "बघायला तर येऊन गेले."

"धडा अर्धा ऱ्हायलाय."

"पुढचं मलाही येत नाही. सरांनी घेतलेला नाही तो."

"मग सरास्नी घ्यायला सांग." आणि चटणी फळीवर गेली.

मी सरांना सांगितलं की सर, आपण इंजिनाचा धडा आधी घेऊ या. सरांनी चष्मा काढून पुसला आणि खरंच घेतला. अख्ख्या वर्गानं त्या आठवड्यात माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून ज्ञानाची भूक असलेल्या मुलांना मित्र का नसतात ते मला समजलं.

त्या धड्याचं शेवटचं पान चालू होतं तेव्हाची गोष्ट. दिवेलागण झाली होती. अक्काच्या हातावर अर्धी थापलेली भाकरी होती आणि ती माझ्या पुढे निघून गेली होती. म्हणजे आता वाचत ती होती आणि मागे म्हणत मी. दार उघडंच होतं. उंबऱ्याशी तात्या दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, चपला एका हातात, दुसऱ्या हातात दोऱ्यानं बांधलेला पेढ्यांचा पुडा. आई पुड्याकडे बघून जागची उठली आणि तिला तिची कंबर आठवलीच नाही. आण्णांनी भिंतीकडची मान वळवली.

"मामाची दाढ काढली," तात्या म्हणाले. "बोलाया लागलाय त्यो. काय म्हनतोय ऐका..."

अक्कानं पुडा बघितला होता. कानापर्यंत लाल झाली होती. तरी पिठाचा हात वर करून तिनं तात्यांना थांबवलं.

"जरा दम धरा, तात्या. एवढं पान हूं द्या."

तात्यांनी आण्णांकडे बघितलं. मग तात्या पुडा मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच टेकले.

"लई मोठं पान हाय का?"

"दोनच वळी ऱ्हायल्यात," अक्का म्हणाली, आणि पहिल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घातली.